शाळेच्या कपाटातील चित्रफिती

मंडळाच्या यंदाच्या अहवालात "शालेय ग्रंथालयासाठी शैक्षणिक चित्रफितींचे संकलन" अशी एक ओळ वाचकभगिनींना आढळेल. अहवालापुरती ती ओळ ठीक आहे. परंतु या कामासाठी वर्षभर दारोदार हिंडताना या विषयाचा जो इतिहास माझ्या वाचनात आला, तो त्या एका ओळीत मावणारा नाही. तेव्हा स्मरणिकेची चार पाने मला द्यावीत, अशी विनंती मी चिटणीसबाईंना केली आणि त्यांनी ती मोठ्या मनाने मान्य केली.

ज्या शाळेसाठी हे संकलन चालले आहे, ती आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. वर्ग सातवीपर्यंत. ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि त्याचेही दोन खण रिकामे. प्रयोगशाळा नाही. कोणा दात्याने दिलेला दूरचित्रवाणीसंच भिंतीवर आहे, पण त्यावर दाखवावयाचे काय, हा प्रश्न. कारण आपल्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने इंटरनेट असून नसल्यासारखे. "हृदय कसे चालते ते मी फळ्यावर काढून दाखवते, पण फळ्यावरचे हृदय काही चालत नाही हो," असे तिथल्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आणि त्याच वाक्यावर आपला ठराव झाला. मला पडलेला प्रश्न मात्र थोडा निराळा होता. शिकविणारी चित्रे फुकट देण्याची ही चाल आपल्याकडे कोणी पाडली, का पाडली, आणि इतके दिले गेले असूनही शाळेचे कपाट रिकामे कसे?

या इतिहासाचा आरंभ एका वाटाण्यापासून होतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला तो विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. चित्रपट काढावयाचा तर भांडवल हवे, आणि भांडवल देणाऱ्याला काही तरी दाखविले पाहिजे. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि सुमारे महिनाभर त्या रोपाची चित्रे घेतली. बी रुजते, अंकुर वर येतो, वेल होतो, हे सारे पडद्यावर मिनिटभरात घडले. "अंकुराची वाढ" असे त्या चित्राचे नाव. "राजा हरिश्चंद्र" लोकांपुढे आला १९१३ साली. म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीच्या जनकाच्या हातून, त्या मोठ्या चित्रपटाच्याही आधी, जे चित्र झाले ते चौथीच्या वर्गात आजही दाखवावे असे आहे. पुढेही त्यांनी काड्यापेटीच्या काड्या नाचविणारे चित्र काढले, चित्रपट कसा तयार होतो हे समजावून सांगणारे चित्र काढले. देवादिकांच्या कथांनी त्यांची कीर्ती झाली, परंतु त्यांच्यातला शिक्षक मला अधिक जवळचा वाटतो.

आणि महिला मंडळाच्या स्मरणिकेत सरस्वतीबाई फाळके यांचे नाव राहून गेले तर ते शोभणार नाही. त्यांचे दागिने या उद्योगापायी गहाण पडले, हे पुष्कळांना माहीत असते. पण कोऱ्या फितीला कडेने छिद्रे पाडणे, रसायने कालविणे, रात्री अंधारात फीत धुणे ही कामेही त्यांनी केली, आणि वर कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे दागिन्यांपाशी थांबतात. दागिने देणे एका दिवसात होते. छिद्रे पाडण्याचे काम रोजचे असते.

यानंतरचा बराच काळ मी झटकन ओलांडते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारला प्रचारासाठी लघुपट हवे होते, म्हणून एक खाते निघाले. ते १९४६ साली बंद झाले. आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. ज्यांनी थिएटरात जुने बोलपट पाहिले आहेत, त्यांना मुख्य चित्रपटाआधीचे ते वृत्तचित्र आणि अनुबोधपट आठवतीलच. थिएटरवाल्यांना ते दाखविणे बंधनकारकच होते. लोक त्या वेळात शेंगदाणे आणावयास बाहेर जात, हे खरे. तथापि धरणे, शेती, आरोग्य, लोककला, पशुपक्षी अशा विषयांवर अनेक भारतीय भाषांतून निघालेला एवढा मोठा चित्रसंग्रह सरकारी खर्चाने, म्हणजे तुमच्याआमच्या पैशाने, तयार झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

हे चित्रपट थिएटराबाहेर नेण्यास अडचण होती ती फितीची. थिएटरात वापरीत ती रुंद फीत पूर्वी अशा द्रव्याची असे की ठिणगी पडताच पेटे. १९२३ साली कोडॅक कंपनीने अरुंद, सोळा मिलिमीटरची, सहजी पेट न घेणारी फीत काढली, आणि चित्रपट शाळेच्या वर्गात शिरू शकला. दिल्लीच्या शिक्षणखात्याचे चित्रपट-ग्रंथालय होते. सभासद शाळांना तिथून फिती उसन्या मिळत. १९५९ साली दृक्-श्राव्य शिक्षणाची राष्ट्रीय संस्थाही तेथे निघाली. फिरत्या मोटारी गावोगाव पडदे लावीत.

याच काळात आणखीही दाते पुढे आले. अमेरिकन सरकारचे माहिती खाते, ज्याला लोक "युसिस" म्हणत, ते शाळांना व संस्थांना चित्रपट विनामूल्य दाखवावयास देई. बर्मा-शेल या तेलकंपनीचा स्वतःचा चित्रपटविभाग होता, आणि भारतातील खेड्यांवर, हस्तव्यवसायांवर त्याने चांगले अनुबोधपट काढले. आता अमेरिकन सरकारला आपल्या मुलांनी शिकावे ही कळकळ असेल, पण शीतयुद्धात भारताचे मन आपल्याकडे वळावे ही त्याहून अधिक होती. आणि तेलकंपनीला आपले नाव घरोघर जावे असे वाटत होते. दान देणाऱ्याचा हेतू पाहू नये म्हणतात. मला ते पटत नाही. हेतू पाहावा, आणि चित्र चांगले असेल तर घ्यावे. मात्र त्याच्या डबीवर देणाऱ्याचे नाव ठळक लिहून ठेवावे, म्हणजे पाहणाऱ्या मुलाला पुढे केव्हा तरी विचार करता येईल.

पण चित्रपट मिळाला तरी त्याला यंत्र लागे, यंत्राला वीज लागे, आणि ते चालविणारा माणूस लागे. या तिन्ही गोष्टी ज्या शाळेत एकत्र होत्या, त्या शहरातल्या मोजक्या शाळा. दिल्लीत १९६१ साली दूरचित्रवाणीवरून शाळांसाठी पाठ सुरू झाले, तेही दिल्लीपुरतेच. आपल्या मुंबईलाच दूरचित्रवाणी आली ती १९७२ साली. तिथे कोकणातल्या खेड्याची काय कथा!

ही स्थिती पालटण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो उसन्या उपग्रहावर. होय, उसन्याच! अमेरिकेच्या "नासा" या संस्थेने आपला एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरावयास दिला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीसंच बसविण्यात आले. संचाशेजारी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची, दहा फूट व्यासाची थाळी. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी. या प्रयोगाला "साइट" म्हणत. महाराष्ट्र त्यात नव्हता. परंतु महाराष्ट्राची एक लेक त्यात होती, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहावयास घेतला असे म्हटले तरी चालेल.

विजया मुळे यांचा जन्म १९२१ साली मुंबईत झाला. लग्नानंतर त्या पाटण्यास गेल्या. तिथे चित्रपट पाहण्याची व त्यावर बोलण्याची गोडी लागली. १९४६ साली शिष्यवृत्ती मिळवून विलायतेत लीड्स येथे शिक्षणशास्त्र शिकावयास गेल्या. परत आल्यावर शिक्षणखात्यातली नोकरी, आणि जोडीला फिल्म सोसायट्यांचे काम. १९५९ साली अशा सोसायट्यांचा महासंघ निघाला, त्याचे अध्यक्ष सत्यजित राय आणि दोन संयुक्त चिटणीसांपैकी एक विजयाबाई. चिटणीसपद म्हणजे काय असते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगावयास नको. पत्रे लिहावयाची, फिती मागवावयाच्या, वेळेवर परत धाडावयाच्या.

"साइट"साठी लहान मुलांचे चित्रपट करणाऱ्या शिक्षण-तंत्रविज्ञान केंद्राची धुरा विजयाबाईंकडे आली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रेक्षक हा असा होता: पाच ते बारा वर्षांची मुले, चार निरनिराळ्या भाषा, पुष्कळांनी आयुष्यात पडदा पाहिलेला नाही, आणि वर्गात एकच शिक्षक. अशा मुलांना शहरातल्या काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट दाखवून काय उपयोग? त्यांच्या परसातली माती, पाणी, चाक, सावली यांतूनच विज्ञान दाखविले पाहिजे. आज हे सर्वांना पटते. तेव्हा ते पटवून द्यावे लागत होते.

त्यांचे एक चित्र मात्र तुम्ही सर्वजणींनी पाहिलेले आहे, कदाचित कर्त्रीचे नाव न जाणता. पारधी जाळे टाकतो, पाखरे अडकतात, एकजुटीने जाळे घेऊन उडतात आणि उंदीर ते जाळे कुरतडतात. "एक अनेक और एकता" हे ते व्यंगचित्र. फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७४ साली विजयाबाईंनी केले, चित्रे भीमसैन यांची, आणि गाणारी मुलगी म्हणजे आजच्या गायिका साधना सरगम. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ते इतक्या वेळा लागले की माझ्या पिढीला ते तोंडपाठ आहे. आमच्यातल्या एका सभासद काकूंना हे दिग्दर्शन एका मराठी बाईचे आहे असे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "अगं, मग हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?" काकूंच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. विजयाबाई २०१९ साली दिल्लीत, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारल्या.

"साइट"चे वर्ष संपले आणि कराराप्रमाणे उपग्रह परत गेला. गावात संच होता, जाळी होती, पण वरून येणारे चित्र थांबले. उसनवारीचे हे दुःख कोणत्याही गृहिणीला समजावे. पुढे १९८३ साली आपला स्वतःचा इन्सॅट उपग्रह कामाला लागला, आणि १९८४ साली पुण्यात "बालचित्रवाणी" सुरू झाली. मराठीतून, महाराष्ट्रातल्या मुलांसाठी, महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हाताशी धरून केलेले कार्यक्रम. ज्यांची मुले त्या काळात लहान होती, त्यांच्या कानांत ते नाव अजून घुमत असेल. पुढे अनुदानाचा प्रश्न चिघळला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ साली ही संस्था बंद करण्यात आली. इतक्या वर्षांचे मराठी काम! इंग्रजीत किंवा हिंदीत अशा चित्रफितींना तोटा नाही; मराठीत होत्या त्या या होत्या.

दूरचित्रवाणीच्या पाठात एक उणीव होती, तीही येथे सांगितली पाहिजे. पाठ त्याच्या वेळेला येई आणि वर्ग आपल्या वेळेला भरे. बाई भागाकार शिकवीत असताना पडद्यावर बेडकाचे जीवनचक्र सुरू होई. ज्ञान हवे तेव्हा कपाटातून काढता आले पाहिजे. म्हणून तर ग्रंथालय असते. व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा ही अडचण दूर झाली असे वाटले. हौशी शिक्षकांनी घरच्या यंत्रावर कार्यक्रम उतरवून घेतले. मागाहून सी.डी. आली, डी.व्ही.डी. आली. पण दर दहा-पंधरा वर्षांनी यंत्र बदलले. कॅसेट चालविणारे यंत्र काढणारा जगातला अखेरचा कारखानदार, जपानची फुनाई कंपनी, २०१६ साली थांबला.

आता आपल्या संकलनाकडे वळते. मंडळाने आवाहन करताच लोकांनी उदंड दिले. कॅसेटींच्या पिशव्या आल्या, तबकड्यांचे खोके आले. कोणी मुलगा अमेरिकेला गेल्यावर त्याचा खण रिकामा केला, कोणी घर रंगवावयास काढले म्हणून माळा झाडला. आम्ही चौघीजणींनी त्या निवडावयास घेतल्या. कॅसेटींवर बुरशी चढलेली. आपल्या हवेत दुसरे काय होणार? तबकड्यांपैकी कित्येक वाचल्याच जात नव्हत्या. काही नव्या कोऱ्या, वेष्टनासह, पण त्यातला अभ्यासक्रम दोन वेळा बदलून गेलेला. आणि एक ढीग चोरून केलेल्या प्रतींचा. तो आम्ही बाजूला काढला. शाळेच्या कपाटात चोरीचा माल ठेवून मुलांना प्रामाणिकपणाचा धडा कोणत्या तोंडाने द्यावा?

निवडताना मला कल्याणच्या पटवर्धनांची "शांबरिक खरोलिका" आठवली. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर रंगीत चित्रे काढून ती जादूच्या कंदिलाने पडद्यावर दाखविण्याचा खेळ १८९२ साली सुरू केला, चित्रपट आपल्याकडे येण्याच्याही चार वर्षे आधी. त्यातली काच आज कोणी हातात घेतली आणि खिडकीकडे धरली तर रामरावण दिसतील. आणि वीस वर्षांपूर्वीची तबकडी खिडकीकडे धरली तर त्यात आपलेच तोंड दिसते. नवे ते टिकाऊ, हा आपला समज या खोक्यांनी पार पुसून टाकला.

मग कपाटात ठेवावयाचे काय? येथे कायद्याने आपल्याला हात दिला आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे सरकारने काढलेल्या चित्रपटावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे फिल्म्स डिव्हिजनचे १९५० च्या दशकातले अनुबोधपट आज सर्वांचे झाले आहेत. ती संस्था स्वतंत्र राहिलेली नाही, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. परंतु तिचे अनेक जुने चित्रपट यूट्यूबवर विनामूल्य पाहावयास ठेवलेले आहेत. केंद्र सरकारच्या २०१७ साली निघालेल्या "दीक्षा" या व्यवस्थेवर पाठ्यपुस्तकांना धरून केलेल्या चित्रफिती आहेत, त्या उतरवून घेता येतात. आणि पुण्याला आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या ज्या छोट्या छोट्या चित्रफिती केल्या, त्यांतल्या पुष्कळ मराठीतही आहेत. काडी, झाकण, फुगा, जुनी चप्पल एवढ्या सामानात विज्ञान! आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही, पण झाकणे मुबलक आहेत. विजयाबाईंनी परसातले विज्ञान म्हटले ते हेच, असे मला वाटते.

मंडळाच्या सभेत एका भगिनीने शंका काढली: आता सर्वांच्या हातात मोबाइल आहे, मग हे कपाट कशाला? शंका रास्त होती. म्हणून मी सातवीतल्या मुलींनाच जाऊन विचारले. घरात मोबाइल बहुतेकींच्या आहे. तो दिवसा वडिलांच्या खिशात असतो. संध्याकाळी घरी येतो तो थोरल्या भावाकडे जातो. एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडे तो चार्ज होत असला की मला मिळतो." घरात मोबाइल आहे आणि मुलीच्या हातात आहे, या दोन गोष्टी आपल्याला सारख्या वाटतात. त्या सारख्या नाहीत, हे महिला मंडळाने नाही ओळखावयाचे तर कोणी? शाळेतला पडदा हा त्या मुलीच्या वाट्याचा पडदा आहे.

तेव्हा आम्ही असे केले. ज्या चित्रफिती उघडपणे, परवानगीने घेता येतात त्या शहरात उतरवून एका मोठ्या डिस्कवर भरल्या, आणि दुसरी प्रत मंडळाच्या कपाटात ठेवली. यंत्र बिघडते, डिस्कही बिघडणार. शाळेच्या दाखलनोंदवहीत पुस्तकाप्रमाणेच प्रत्येक चित्रफितीला क्रमांक दिला: नाव, भाषा, किती मिनिटांची, कोणी केली, कोठून मिळाली, कोणत्या इयत्तेच्या कोणत्या धड्याला लागते. हे शेवटचे रकाने भरावयास सर्वांत अधिक वेळ लागला. चित्रफीत अखेरपर्यंत पाहिल्यावाचून तो रकाना भरता येत नाही, आणि आमच्यापैकी एकीने तर त्यापायी पन्नाशी उलटल्यावर मूत्रपिंडाचे कार्य नव्याने शिकून घेतले! हृदयाची चित्रफीत तीन मिनिटांची आहे, क्रमांक सात. मुख्याध्यापिकाबाई ती लावतात, मध्येच थांबवतात, मुलांना स्वतःची नाडी पाहावयास सांगतात, आणि पुन्हा लावतात.

नोंदवहीत एक पान मात्र अजून कोरे आहे. त्याच्या माथ्यावर "बालचित्रवाणी" असे लिहून ठेवले आहे. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्या काळी घरी उतरवून घेतलेल्या सहा कॅसेटी पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंड्या घालून जपून ठेवल्या आहेत. बुरशीचा ठिपका नाही. त्यांत काय आहे ते बाईंनाही आता नेमके आठवत नाही, कारण यंत्र बंद पडून पुष्कळ वर्षे झाली. कार्यक्रम निघाले तर ते मुलांना दाखविण्याची परवानगी कोणाकडे मागावयाची, त्याचीही चौकशी चालू आहे. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर चालू स्थितीतले व्हिडिओ कॅसेटचे यंत्र असेल, तर ते कोणत्याही शनिवारी दुपारी मंडळाच्या जागेत आणून द्यावे. काम होताच पुसून परत करू. बाईंची मात्र एक अट आहे: कॅसेटी त्या स्वतः घेऊन येतील, आणि यंत्रात स्वतःच घालतील.